ईनबाई, तुमच्या बाजूची ओळ

ईनबाई, एक विचारायचं राहून गेलं. माझं विचारायचं कधी संपत नसतं, हे तुम्हाला काही नवं नाही. "पूर्णेच्या ईनबाईकडं चहा प्यायचा म्हणलं की पयले जबानी द्यावी लागती," असं तुम्ही ताडकळसच्या बायकांना सांगायच्या, ते माझ्या कानावर आलेलं आहे. पण हा प्रश्न साधा आहे. तुमच्यासारखी सुई पंचक्रोशीत कुणाची नव्हती. कुणाची लेक बाळंतपणाला माहेरी आली की दुपट्याला अन् वाकळीला पहिला निरोप तुम्हाला. तुमचा धावदोरा बघून मशीनवर जन्म काढलेली मी बाई गप बसायचे. मग आपल्या नातीनं, ईशूनं घातलेला वाकडातिकडा टाका तुम्ही एकदाही उसवला कामून नाही?

तुम्ही झोपेतच गेलात. सकाळी तुमच्या सुनेनं चहाला उठवलं, तुम्ही उठला नाहीत. येणारा जाणारा म्हणाला, भाग्याचं मरण, कुणाला त्रास नाही दिला. खरं असेल. मला मात्र राग आला, तो अजून आहे. माणसानं सांगून जायची रीत असते ओ. आदल्याच रविवारी फोनवर आपलं भांडण अर्धं राहिलं होतं. तुम्ही म्हणालात, "पुढल्या बाजाराला पूर्णेला येते, तवा बोलू," अन् फोन ठेवला. आता मी कुणाशी भांडू?

तुमची लेक माझी सून, म्हणून ईशू दोघींचीही नात. पण एका लेकराला दोन आज्या म्हटलं की हाक मारायचा घोळ होतो. तो तिनंच बोलायला लागल्यावर मिटवला. तुम्ही नुसत्या आजी, अन् मी मशीनची आजी. मला ते लय लागलं होतं. राहते माझ्या घरात, खाते माझ्या हातचं, अन् नुसती आजी कोण, तर सुट्टीत भेटणारी. तुम्हाला बोलून दाखवलं तर तुम्ही पदर तोंडाला लावून हसलात. "मशीन तुमचीच हाय न्हवं?" म्हणालात.

शिवायला आधी मीच शिकवायला घेतलं होतं, हे तुम्ही विसरू नका. ईशू पहिलीत होती. पांढऱ्या कापडाचा हातरुमालाएवढा चौकोन कापून दिला अन् म्हटलं, चारी बाजूंनी दुमड घाल, दस्ती तयार होईल, पप्पाला दे. लेकरानं जीभ बाहेर काढून एक बाजू शिवली. एक टाका तांदळाएवढा, दुसरा बोटाएवढा. मी उसवलं. तिनं पुन्हा शिवलं, मी पुन्हा उसवलं. मला रेल्वे क्वार्टरमधल्या शेजारणीनं असंच शिकवलेलं, चुकलेलं अंगावर जाऊ द्यायचं नाही. त्यानंतर मी कात्री उचलली तेव्हा ईशूनं ती दस्ती नेऊन न्हाणीतल्या बादलीत टाकली, अन् मला शिवण आवडत नाही म्हणून जाहीर केलं. तिच्या आईनं मला काही म्हटलं नाही, पण भाजीत मीठ जरा जास्तच पडलं त्या दिवशी.

मग दिवाळीच्या सुट्टीत ती तुमच्याकडं गेली, अन् येताना भावलीची वाकळ घेऊन आली. दोन तळहात जोडले तर तेवढी. ओळी कुठल्या कुठं. एक ओळ तर निघाली होती काठानं अन् पोचली होती मधोमध. मी चष्मा लावून उलटीपालटी करून बघितली.

"आजी काय म्हणली हे बघून?"

"म्हणली, आता पुढची घाल."

"एवढंच?"

"एवढंच."

मी तिथल्या तिथं तुम्हाला फोन लावला. म्हटलं, ओ ईनबाई, लेकराला वाईट वळण लावायलाव तुम्ही. तुमचं उत्तर मला अजून पाठ आहे. "टाका हाय तो, लगीन न्हाई. घालंल की पुढचा नीट." मी म्हटलं, पुढचा नीट यायला मागचा उसवावा लागतो. तुम्ही म्हणालात, शेंगा उन्हात टाकल्यात, पाऊस यायलाय, ठेवते. आकाश तर इथं निरभ्र होतं.

तेव्हापासून हे भांडण चालूच राहिलं. भांडणासोबत देवाणघेवाणही. माझ्या मशीनखाली पडलेली कातरणं मी गोणीत भरून ईशूसोबत पाठवायचे, अन् तुम्ही दोघी त्यातून वाकळीचे तुकडे निवडायच्या. मला कुठं माहीत, तुम्ही तुकड्यांना गिऱ्हाइकांची नावं द्यायला लागलात. एक दिवस आमच्या गल्लीतल्या मास्तरीणबाई ब्लाउज न्यायला आल्या तर ईशू म्हणते, "तुमी आमच्या वाकळीत दोन ठिकाणी हाव." बाई माझ्याकडं बघायला लागल्या. उरलेलं कापड गिऱ्हाइकाला परत द्यायचं असतं, हा तुमच्या ध्यानात न आलेला भाग. मी काय सांगितलं असेल त्यांना, ते तुम्ही ओळखा.

अन् मुंग्यांचं. ते तर मी मेल्यावरसुद्धा विसरायची नाही.

वाकळीला पोट असतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आमच्या माहेरी कुणी वाकळी शिवल्या नाहीत, विकतच्या रजया असायच्या. तुमच्याकडं जुन्या लुगड्यांचे थर लावून काठाकडून आत शिवत यायचं, मधोमध वीतभर जागा उरली की तिथं भाकरीचा तुकडा ठेवायचा अन् मगच ते पोट शिवून बंद करायचं. वाकळ उपाशी ठेवायची नाही. ही रीत तुम्ही ईशूला सांगितली, पण पुरती सांगितली नाही. तिनं माझ्यासाठी म्हणून गुडघ्यावर टाकायला लहानशी वाकळ शिवली, पोटापर्यंत आली, अन् तिला वाटलं, मशीनच्या आजीला भाकरीपेक्षा बिस्कीट आवडतं. क्रीमचं बिस्कीट, ईनबाई. तेही अख्खं.

आठवड्यात माझ्या गुडघ्यांवर मुंग्यांची रांग. मी गादी झटकली, पलंग उन्हात टाकला, पावडर मारली. शेवटी कात्रीनं पोट उघडलं तर आत सगळा मुंग्यांचा संसार. ईशू बाजूला उभी राहून रडायली. मुंग्या चावल्या म्हणून नाही, तर मी पोट फाडलं म्हणून. अन् तिच्यासारखंच तुमचंही. फोनवर तुम्ही म्हणालात, "उघडीत नसतेत ओ पोट. निस्ती उन्हात घालायची, मुंग्या आपोआप जात्यात." मी म्हटलं, मग माझे गुडघे काय मुंग्यांच्या नावावर करून देऊ का? तुम्ही दुसऱ्याच दिवशी बसनं पूर्णेला आलात, माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत, माझ्याच दुरडीतली शिळी भाकर घेतली, कडक बघून तिचा तुकडा मोडला, आत ठेवला, अन् पोट बंद केलं. त्यानंतर जेवायला बसलात. मी वाढता वाढता विचारलं, "खरं सांगा, वाकळ उपाशी राहिली तर काय होतं?" तुम्ही घास गिळून म्हणालात, "काय होतंय? काय होत न्हाई. पर आपुन ठिवतो." मला असली उत्तरं पटत नाहीत. पण ती वाकळ मी आजही गुडघ्यावर घेते, अन् मुंगी काही परत आली नाही.

गेल्या उन्हाळ्यात तुम्ही दोघींनी मोठी वाकळ काढली, ईशूच्या स्वतःच्या अंथरुणाची. तिच्या आईची जुनी साडी, तुमचं हिरवं लुगडं अन् वरून माझी कातरणं. मी एकदा अचानक ताडकळसला आले होते. खरं सांगायचं तर बघायलाच आले होते. तिथं दुपारभर इतकं चालतं तरी काय? फोन केला की दोघीही "काय न्हाई, शिवायलोत" एवढंच म्हणायच्या. तुमच्या पुढच्या खोलीत फरशीवर वाकळ पसरलेली, कोपऱ्यांवर पाट्याचा वरवंटा अन् तांब्या ठेवलेला. ही मोठी म्हणून वरून खाली ओळीओळीनं शिवायची. एकच ओळ, ईशू डावीकडून यायलीय, तुम्ही उजवीकडून. मधे भेट झाली की गाठ मारायची, अन् दोघींनी आपापल्या टोकाला परत जायचं. मी दारात उभी होते. तुम्ही दोघी काहीतरी बोलत होतात. मला बघितलं अन् गप. म्हटलं, काय चाललं होतं? तुम्ही म्हणालात, "आपलं ठिवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून." ईशू खुदुखुदू हसायली. मला राग यायला पाहिजे होता, पण तुमचा चहा चांगला होता.

तेरवीला मी आले तेव्हा ती वाकळ तशीच अर्धी, घडी घालून कपाटावर होती. तुमचं अंथरूण-पांघरूण रितीप्रमाणे बाहेर काढून ठेवलं होतं, देऊन टाकायला. तुमच्या जाऊबाई म्हणाल्या, "ह्यात बी तिचंच लुगडं हाय, हे बी जाऊ द्या, घरात कशाला?" त्यांनी वाकळ खाली काढली. ईशू आली, वाकळीवर मांडी घालून बसली, अन् उठेना. कुणी ओरडलं, कुणी लाडीगोडी लावली. ती एकच बोलली. "ही आजीची न्हाई. ही माझी हाय. आजीची निस्ती एक बाजू हाय." कुणाला काही कळलं नाही. मला कळलं, कारण मी दारातून बघितलेलं होतं. मी तुमच्या जाऊबाईंना म्हटलं, हे माझ्या कातरणांचं आहे, अर्धा हक्क माझा, मी नेते पूर्णेला. पहिल्यांदाच मी कुणाची वस्तू भांडून मिळवली अन् वाईट वाटलं नाही.

पण पूर्णेला आणून काय झालं? ईशूनं सुईला हात लावला नाही. भावलीचे कपडे नाहीत, दस्ती नाही, शाळेत कागदाचे पंखे करायचे होते तेही बाईंना आणून दिले नाहीत. मी म्हटलं, चल, आपण दोघी पुरी करू. तर म्हणते, "आजीची बाजू आजीच शिवती." म्हटलं, मी पण आजीच आहे ना. "तू मशीनची." तिच्या आईनं डोळे पुसले अन् आत गेली. मला काय करावं सुचेना. ईनबाई, मला भीती ही वाटली, की तुम्ही जाताना लेकराच्या हातातलंही घेऊन गेलात. रडली असती तर समजूत घातली असती. रडतही नव्हती. बाहेर खेळायची, जेवायची, अभ्यास करायची, अन् कोपऱ्यातल्या त्या घडीच्या बाजूनं वळसा घालून जायची.

मग एका दुपारी ती शाळेत असताना मी वाकळ उलगडली. जित्याची खोड, दुसरं काय. चष्मा पुसला अन् पहिल्या ओळीपासून निरखायला घेतली. पहिली ओळ डावीकडून सुटलेली, ती ईशूची, खालीवर होत आलेली. उजवीकडून तुमची, सरळ. भेटायच्या जागी मात्र तुमची ओळ बोटभर खाली उतरलेली. मला वाटलं, शेवटी जुळवायला उतरवली असेल, जुळवावंच लागतं. दुसरीत तुमची वीतभर आधीच उतरलेली. अन् खाली खाली येता येता काय झालंय म्हणून सांगू? तुमची ओळ टोकापासूनच वाकडी. ईशूची जिथं वर चढली तिथं तुमची वर चढलेली, तिची खाली तर तुमची खाली. मला आधी वाटलं, डोळे गेले होते का तुमचे? हात थरथरायला लागला होता का? पण टाका बघितला तर तसाच एकसारखा, तांदूळ मोजून ठेवल्यासारखा. डोळे अन् हात दोन्ही शाबूत, अन् ओळ मुद्दाम वाकडी.

तुम्ही हसाल, पण मी मशीनचा पट्टा काढून ठेवला अन् एका फडक्यावर हातानं वाकडी ओळ घालून बघितली. जमेना. चार टाके वाकडे पडायचे, पाचवा आपोआप सरळ. इतकी वर्षं हात एका रेषेत चाललेला, तो ऐकतच नव्हता. मी फडक्याला शिव्या दिल्या. तुम्हाला कसं जमलं हो? किती दिवस लागले? अन् लेकराला सांगितलं होतं का, की तुझ्यासाठी मी वाकडी चालले आहे? का तिला वाटायचं, आजीची ओळ अशीच असते?

ईशू शाळेतून आली तेव्हा वाकळ पसरलेलीच होती. ती दारात थांबली. मी वर बघितलंच नाही. तिला शिव म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. मला खरोखरच जे विचारायचं होतं ते विचारलं.

"ईशू, ही ओळ इथं एवढी वर कामून गेलीय गं?"

तिनं दारातूनच मान उंचावून बघितलं. मी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. "अन् ही इथं?"

"तिथं मी शिंकले."

"अन् हे?"

"बोका आला होता. दुधात तोंड घालायला. आजी उठली, मी बघायले, बघता बघता सुई गेली वर."

दप्तर पाठीवरच होतं. ती जवळ आली, पायानं चप्पल काढली. मी विचारत राहिले अन् ती सांगत राहिली. इथं लाइट गेली. इथं आजीनं मामाच्या लहानपणाचं सांगितलं, तो कणगीत लपून झोपला होता ते, मी लय हसले. इथं आजी मला रागवली होती, पाणी न विचारता प्यायले म्हणून नाही, तर न पिता तशीच बसले म्हणून. इथं तू आलतीस, मशीनची आजी. बघ, इथं आमी गप बसलो. मी ती जागा बघितली. तिथं दोन्ही बाजूंचे टाके एकदम सरळ होते.

तर हे चालायचं दुपारभर, ईनबाई. मी इतक्यांदा विचारलं, तुम्ही सांगितलं नाहीत. सांगण्यासारखं नव्हतंच म्हणा. बोका अन् शिंक फोनवर काय सांगायची? मी ती ओळ उसवली असती, आधीच्या कितीतरी उसवल्याही असत्या. तुम्ही म्हणूनच उसवत नव्हता का? का तुम्हाला नुसताच कंटाळा होता? मला खात्री नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "काय न्हाई ओ, उसवायला येळ कुठं होता?" अन् मी पुन्हा चिडले असते.

मी ईशूला म्हटलं, "आता कुणाची पाळी होती?"

"माझी अन् आजीची. संगंच असती."

"मग आता?"

तिनं वाकळीच्या उजव्या टोकाकडं बघितलं. मी म्हटलं, "आजीसारखं शिवता येत नाही मला. आज बघितलं करून. मला सरळच येतं."

"खरंच?"

मी ते फडकं दाखवलं. तिनं ते हातात घेतलं, नीट बघितलं, अन् मोठ्या माणसासारखा सुस्कारा सोडला. कानामागून आली अन् तिखट झाली म्हणतात ती हीच. "हे तर लयच सरळ हाय," म्हणाली. मग दप्तर काढून ठेवलं, हात धुऊन आली, अन् डाव्या टोकाला जाऊन बसली. दुसऱ्या सुईत दोरा ओवून ती माझ्याकडं धरली. मी उठून उजवीकडं गेले. गुडघे वाजले. तुम्ही बसायच्या त्या कडेला कातरणं संपून तुमचं हिरवं लुगडं वर आलेलं आहे, त्यावर मी हात फिरवला, अन् तेव्हा मला रडू आलं. तेरवीला आलं नव्हतं. ईशूनं बघितलं, पण विचारलं नाही. विचारण्याचा तिचा स्वभाव नाही, तो माझा.

आम्ही शिवायला लागलो. स्वैपाकघरात तिच्या आईची भांडी वाजत होती, ती वाजायची थांबली. तुम्हाला सांगते, तुमची लेक दाराआड उभी राहून बघत होती, अन् मी तिला कळू दिलं नाही की ती मला दिसतेय. मी टाका मोजून घालायला लागले अन् मोजता मोजता कशातच लक्ष राहिलं नाही. हात आपला निघाला, नाकासमोर. तिकडून ईशूची सुई वर चढायलेली, मधेच थांबून ती काहीतरी सांगायलेली, वर्गातल्या कुणाचा तरी डबा सांडला ते. मी "हं" म्हणाले असेन. वाकळीच्या मधोमध पोचेस्तोवर मला कळलंही नाही.

तिनं सुई थांबवली. डोकं वाकवून माझी ओळ बघितली, मग स्वतःची.

"अगं, सरळ कुठं चाललीस?" ती म्हणाली. "माझ्याकडं ये की."

मी सुई तिच्याकडं वळवली.